घाणा, कागद आणि आपले द्विधा मन

(श्रीसंताजी जगनाडे महाराज जयंतीनिमित्त मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात मोर्शी येथे केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी आज चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी प्रथम संकोचलो. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला प्राथमिक शिक्षक. अडतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या निरनिराळ्या शाळांतून मुलांना पाढे आणि बाराखडी शिकवली आणि २०१८ साली सेवानिवृत्त झालो. अर्थशास्त्र हा माझा विषय नव्हे. तथापि आज ज्या गोष्टीविषयी मी बोलणार आहे, ती आपल्या घराघरांत चाललेली असून सभेत मात्र तिचा उच्चार कोणी करीत नाही. म्हणून हे धाडस करीत आहे. माझे काही चुकल्यास आपण ते पदरात घ्यावे.

पूर्वी आपल्या मेळाव्यात दोन गृहस्थ भेटले म्हणजे पाऊसपाणी, कापसाचा भाव आणि संत्र्याचा बहार यांविषयी बोलणे होई. अलीकडे मंडपाच्या कडेला उभे राहून ऐकावे, तर कोणी मुलाने लावून दिलेल्या म्युच्युअल फंडाची चौकशी करतो, कोणी भ्रमणध्वनीवर शेअरचा भाव पाहून तो घाईघाईने खिशात ठेवतो. ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्या देशातील डीमॅट खात्यांची संख्या १० कोटींच्या वर गेली. त्यांत आपल्या मोर्शी तालुक्यातील पुष्कळ खाती असतील यात संशय नाही. विशेषतः संगणकाच्या आणि तत्सम नव्या विद्येच्या कंपन्यांकडे आपला ओढा अधिक, कारण आपली मुले त्याच कंपन्यांत नोकरीस आहेत. परंतु मी असे पाहिले आहे की, भाव वाढला तरी आपण तो चार माणसांत मोकळेपणाने सांगत नाही, आणि घटला तर घरातही सांगत नाही. नफा झाला तर काही न करता मिळाल्याची टोचणी लागते आणि तोटा झाला तर लाज वाटते. असे का व्हावे, याचा मी माझ्यापुरता शोध घेतला. तोच आज आपणांपुढे ठेवतो.

या शोधाचा आरंभ माझ्या आजोबांच्या घाण्यापासून होतो.

आमच्या वाड्याच्या परसात लाकडी घाणा होता. डोळ्यांना झापडे बांधलेला बैल दिवसभर फिरे आणि लाटेचा करकर आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येई. तीळ, जवस, भुईमूग, ज्याचा त्याने आणून द्यावा. तेल त्याचे, ढेप ठरल्याप्रमाणे. आजोबा अंगठा आणि तर्जनी यांत तेलाचा थेंब चोळून दाणा जुना की नवा ते सांगत. मी पाच-सहा वर्षांचा असेन, तेव्हा हा घाणा थांबला. गिरणीचे तेल स्वस्त पडू लागले आणि लग्नकार्यात वनस्पती तुपाचे डबे येऊ लागले. तसे पाहता आपल्या घाण्याचा कैवार घेणारे कोणीच नव्हते असे नाही. आपल्या शेजारच्या वर्ध्यास, मगनवाडीत, महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि तेथे घाण्यात सुधारणा करण्याचे प्रयोग पुष्कळ वर्षे चालले. परंतु गिरणीच्या वेगापुढे बैलाचा टिकाव लागला नाही. पुढे आजोबा एका तेलगिरणीत दाणा पारखण्याच्या कामावर रोजंदारीने जाऊ लागले. ज्या गिरणीने घाणा बंद पाडला, तिच्याच फाटकातून ते रोज सकाळी आत जात. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. घाण्याची लाट मात्र त्यांनी विकली नाही. ती आमच्या ओसरीवर बसावयाच्या बाकासारखी पडून असे.

आता दुसऱ्या एका गिरणीची हकीकत ऐका. खानदेशात अमळनेर म्हणून गाव आहे. आपणां शिक्षकांना ते साने गुरुजींचे गाव म्हणून माहीत. तेथील प्रताप हायस्कुलात गुरुजी शिक्षक होते. त्याच अमळनेरास १९४५ साली मोहंमद हाशम प्रेमजी यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या नावाची कंपनी काढली. काम वनस्पती तूप आणि कपडे धुण्याचा साबण बनवण्याचे. भांडवलासाठी कंपनीने भाग विक्रीस काढले, आणि अमळनेरच्या परिसरातील अनेक कुटुंबांनी ते घेतले. म्हणजे आपल्या घाण्याला मागे सारणारा जो धंदा, त्याचेच ते कागद होते. १९६६ साली प्रेमजी वारले. त्यांचे एकवीस वर्षांचे चिरंजीव अझीम हे अमेरिकेतील शिक्षण अर्धवट टाकून परत आले आणि त्यांनी हा कारभार हाती घेतला. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आय. बी. एम. ही अमेरिकन कंपनी भारतातून निघून गेली, तेव्हा संगणकाच्या धंद्यात मोकळी जागा झाली. तुपाच्या या कंपनीने त्या जागेत पाऊल टाकले. तिचेच आजचे नाव विप्रो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरास सत्त्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. आमच्या नागपूरचे डॉ. रवींद्र शोभणे अध्यक्ष होते म्हणून मी बडनेऱ्याहून गाडीने गेलो. संमेलन पाहिलेच, परंतु खरे सांगायचे तर विप्रोचे कागद जपलेली माणसे पाहण्याचीही उत्सुकता होती. या गावातील कित्येक कुटुंबे त्या जुन्या शेअरांमुळे लक्षाधीश, कोट्यधीश झाली हे आपण ऐकलेले असेलच. मी शिक्षक असल्याने त्याचे गणित मांडून पाहिले. आपणही मांडावे. १९९७ साली एखाद्यापाशी १०० शेअर होते असे धरा. त्या वर्षी कंपनीने एकामागे दोन बक्षीस शेअर दिले, त्यांचे ३०० झाले. १९९९ साली दहा रुपयांच्या एका शेअरचे दोन रुपयांचे पाच केले, १,५०० झाले. २००४ साली पुन्हा एकामागे दोन, ४,५००. २००५ साली एकास एक, ९,०००. २०१० साली तिनांमागे दोन, १५,०००. २०१७ साली एकास एक, ३०,०००. २०१९ साली तिनांमागे एक, ४०,०००. आणि २०२४ साली पुन्हा एकास एक, म्हणजे ८०,०००. शंभराचे ऐंशी हजार, आणि तेही नवा पैसा न घालता!

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण पुष्कळांचा तिच्याविषयी घोटाळा होतो. भाकरीचे चार तुकडे केल्याने भाकरी मोठी होत नाही. बक्षीस शेअर दिल्याने किंवा शेअरचे तुकडे केल्याने कोणी श्रीमंत होत नाही. त्या प्रमाणात प्रत्येकाचा भाव उतरतो. ही माणसे श्रीमंत झाली ती कंपनीचा धंदा आणि नफा वर्षानुवर्षे वाढत गेला म्हणून. ज्याने फेब्रुवारी २००० मध्ये, भाव गगनाला भिडलेला असताना, हाच शेअर घेतला, त्याला तो भाव पुन्हा दिसण्यास कित्येक वर्षे लागली. कंपनी तीच, कागद तोच. एकाचे घर झाले, दुसऱ्याचा जीव टांगणीला लागला.

ज्यांच्याकडे मी उतरलो होतो त्यांच्या शेजारी ऐंशीच्या घरातील एक गृहस्थ राहत. त्यांना मी विचारले, "काका, एवढी वर्षे कागद जपण्याचा धीर आपणांस कोठून आला?" ते हसून म्हणाले, "गुरुजी, धीर कसला? आमच्या वडिलांनी पेटीत ठेवले आणि आम्ही उघडून पाहिले नाहीत. ज्यांना त्या वेळी गरज पडली त्यांनी विकले. माझ्या थोरल्या भावाने मुलीच्या लग्नात विकले. तो काही माझ्याहून मूर्ख नव्हता. त्याला मुलगी आधी झाली, इतकेच." यशस्वी माणसाच्या तोंडून इतके प्रांजळ बोलणे मी क्वचितच ऐकले आहे. आपल्यात भाव वाढला की माणूस आपली बुद्धी सांगतो आणि घटला की सरकारला दोष देतो.

ही गोष्ट एकट्या अमळनेरची नव्हे. इन्फोसिस ही कंपनी १९८१ साली आपल्या पुण्यातच सात अभियंत्यांनी काढली. सुरुवातीचे १०,००० रुपये नारायण मूर्तींच्या पत्नी सुधा मूर्ती यांनी आपल्या बचतीतून दिले. १९९३ साली तिने ९५ रुपयांस शेअर विक्रीस काढला, तेव्हा लोकांकडून पुरते अर्जसुद्धा आले नाहीत. आज आपण म्हणतो की तेव्हा घेतले असते तर! परंतु तेव्हा शहाण्यासुरत्यांनाही ते दिसले नाही. मागाहून पाहणाऱ्याला वाट नेहमी सरळच दिसते.

आता दुसरी बाजू. आमचे वडील शेअरच्या नावाने कानांवर हात ठेवीत. "घामाचा पैसा आणि कागदाचा पैसा एका डब्यात ठेवू नये," असे ते म्हणत. त्यांचे म्हणणे निराधार नव्हते. आपल्या वऱ्हाडाचाच इतिहास पाहा. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला आणि लिव्हरपूलच्या बाजारात आपल्या उमरावतीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या कापसाचा पैसा मुंबईत ओतला गेला आणि तेथे शेअरचे वेड पसरले. समुद्र हटवून जमीन करण्यासाठी निघालेल्या बॅक बे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० पर्यंत गेला. १८६५ साली युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि शेअरचा डोलाराही त्याबरोबर खाली आला. धनिकांची पेढी बुडाली, बँक ऑफ बॉम्बे सुद्धा सावरली नाही. म्हणजे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या घामाचा आणि दलाल स्ट्रीटच्या कागदाचा संबंध आजचा नाही. तो दीडशे वर्षांहून जुना आहे.

आपल्या डोळ्यांदेखतची उदाहरणेही थोडी नाहीत. १९९९-२००० मध्ये नावापुढे सॉफ्टवेअर हा शब्द असला की शेअर चढे. मार्च २००१ मध्ये केतन पारेख यांस अटक झाली आणि ती हवा गेली. त्याच वर्षी २ जुलैस युनिट ट्रस्टने आपली १९६४ पासूनची यू. एस. ६४ ही योजना सहा महिन्यांसाठी गोठवली. पेन्शनीत निघालेल्या किती शिक्षकांनी आणि कारकुनांनी त्या योजनेत, सरकारी समजून, आपली आयुष्याची पुंजी ठेवली होती ते आपण जाणता. पुढे ७ जानेवारी २००९ या दिवशी सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी स्वतःच पत्र लिहून कबूल केले की, ताळेबंदात हजारो कोटींच्या खोट्या रकमा दाखवलेल्या आहेत. त्या एका दिवसात शेअरचा भाव पाऊण हिश्श्याहून अधिक घसरला. गंमत अशी की, आदल्याच वर्षी तिला उत्तम कारभाराबद्दल मानचिन्ह मिळाले होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये पेटीएमचा शेअर २,१५० रुपयांस लोकांनी घेतला आणि बाजारात आला त्याच दिवशी तो सुमारे सत्तावीस टक्क्यांनी उतरला. दुकानावर त्याची पाटी रोज दिसते, म्हणून आपण कंपनी ओळखतो असे आपणांस वाटते. पाटी ओळखणे वेगळे आणि ताळेबंद ओळखणे वेगळे.

बंधुभगिनींनो, दुसऱ्यांच्या चुका सांगणे सोपे आहे. आता माझी सांगतो.

१९९९च्या डिसेंबरात शाळेतील एका सहकाऱ्याच्या नादाने मी अमरावतीस जाऊन एका सॉफ्टवेअर कंपनीचे २०,००० रुपयांचे शेअर घेतले. कंपनी काय करते हे मला ठाऊक नव्हते. सहकाऱ्यालाही नव्हते. ते पैसे घरावरचे कवेलू काढून स्लॅब टाकण्यासाठी भविष्य निर्वाह निधीतून काढलेले होते. तीन महिन्यांत कागदावर त्यांचे दुप्पट झाले. मी वर्गात गुणाकार शिकवताना मनात तोच गुणाकार करीत असे. मग भाव उतरू लागला, आणि वर्षअखेरीस तो शेअर घेणारा कोणी उरला नाही. पुढे कंपनीचाही पत्ता लागला नाही. पत्नीस मी सांगितले की पैसे एका मित्रास अडचणीत दिले आहेत. घर आणखी सहा पावसाळे गळले. आषाढात रात्री ती उठून गळतीखाली घंगाळ सरकवी, आणि मी झोपल्याचे सोंग घेऊन तो टपटप आवाज ऐकत असे.

सेवानिवृत्त झाल्यावर मी पेटी आवरावयास घेतली. त्या कागदांच्या घडीत कडुनिंबाचा सुकलेला पाला होता. मी पत्नीकडे पाहिले. ती म्हणाली, "अहो, दर वर्षी नवा पाला ठेवते. वाळवी लागली तर तुम्हाला वाईट वाटेल म्हणून." तिला पहिल्याच वर्षी कळले होते. अठरा वर्षे तिने शब्द काढला नाही. २०,००० रुपये गेले याचे दुःख केव्हाच संपले होते. परंतु तिला विश्वासात घेतले नाही याचे दुःख त्या दिवशी सुरू झाले, आणि ते अजून आहे.

एवढे झाल्यावर मी पुन्हा या वाटेस जाणार नव्हतो. परंतु मुलगा अभियंता झाला, पुण्यास एका मोठ्या संगणक कंपनीत लागला. मला उपदानाची रक्कम मिळाली तेव्हा तो म्हणाला, "बाबा, सगळे मुदत ठेवीत ठेवाल तर महागाई खाऊन टाकील. थोडे तरी चांगल्या कंपनीत ठेवा." या वेळी मी पत्नीस बरोबर बसवले, वही घेतली आणि ठरवले: निम्म्याहून अधिक ठेवीत, काही म्युच्युअल फंडात, आणि थोडे मुलाच्याच कंपनीच्या शेअरांत. आपल्या मुलाच्या कष्टावर जी चालते, तिच्यावर विश्वास ठेवण्यास हरकत ती काय, असे मला वाटले. ओट्यावर बसलेले आमचे शेजारी, जन्मभर संत्र्याची बाग केलेले शेतकरी, मला म्हणाले, "गुरुजी, संत्र्याच्या झाडाले पाणी देल्लं त फळ दिसते. तुमचं हे झाड हाय कुठी?" मी म्हणालो, "पुण्याला." आम्ही दोघेही हसलो.

गेल्या ऑगस्टात मुलाचा रात्री दूरध्वनी आला. त्याच्या विभागातील बऱ्याच जणांना राजीनामा देण्यास सांगण्यात आले, त्यांत तोही होता. ही एका कंपनीची गोष्ट नव्हे. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसे कमी करण्याचे जाहीर केल्याचे आपण वाचले असेल. माझा मुलगा त्या कंपनीत नव्हता, पण वारा सगळीकडे एकच वाहत आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे आता संगणकाची आज्ञावली स्वतः लिहू लागली आहेत. मुलाने सांगितले की, गेले वर्षभर तो स्वतःच त्या नव्या यंत्राची तपासणी करीत होता. ते कोठे चुकते हे त्याने दाखवावे आणि यंत्राने सुधारावे. मला त्या क्षणी आजोबा आठवले. गिरणीच्या फाटकातून दाणा पारखावयास आत जाणारे आजोबा.

दुसऱ्या दिवशी मी सवयीने भाव पाहिला. मुलाच्या कंपनीचा शेअर काही रुपयांनी चढला होता. खर्च कमी होणार म्हणून बाजार संतुष्ट होता. त्या आठवड्यात माझ्या मुलाची नोकरी गेली आणि माझे काही हजार रुपये वाढले. बंधूंनो, तो आकडा पाहून मला जे वाटले त्याला नाव देता येत नाही. आनंद नव्हता, निव्वळ दुःखही नव्हते. आपण दोन्हीकडे उभे आहोत, हे मात्र मला त्या दिवशी स्पष्ट कळले. घाणाही आपला आणि गिरणीचा कागदही आपल्याच पेटीत.

मला वाटते, आपल्या द्विधा मनाचे मूळ हेच आहे. आपणांस पैशाचे वावडे नाही आणि आपण भित्रेही नाही. आपण हाताने काम करून जगलेल्या माणसांची नातवंडे आहोत, आणि लाभांश म्हणजे कोणाच्या तरी कामाचाच पैसा असतो हे आपल्या रक्तात आहे. ज्याने कधी कष्ट केले नाहीत त्याला भाव चढताना टोचणी लागत नाही. आपणांस लागते. ही टोचणी उणेपणाची नव्हे. ती घालवण्याच्या मागे आपण लागू नये.

दिवाळीस मुलगा घरी आला. मी त्याला म्हणालो, "मी ते शेअर विकून टाकतो. ज्या कंपनीने तुला घरी बसवले तिचा मालक म्हणून मिरवणे मला नको." तो बराच वेळ ओसरीवरच्या लाटेवर बसून राहिला. मग म्हणाला, "बाबा, विकू नका. बारा वर्षे मी तिथे काम केले आहे. त्या भावात माझेही काम आहे. ते का सोडता?" मी निरुत्तर झालो. आजोबांना गिरणीत मजुरी मिळाली, भाग मिळाला नाही. त्यांच्या पणतवाने निदान एवढे म्हणावे, हा काळाचा फरक आहे. मी शेअर विकले नाहीत. हा निर्णय बरोबर की चूक हे मला सांगता येणार नाही. मुलास तशी नोकरी अद्याप मिळालेली नाही. तो नवे शिक्षण घेत आहे, आणि आम्ही त्याला घाई करीत नाही.

आता अनुभवाने शहाणा झालेला एक वडीलधारा म्हणून काही गोष्टी आपणांस हात जोडून सांगतो.

एक: पत्नीस किंवा पतीस अंधारात ठेवून एक रुपयाही गुंतवू नये. खाते कोठे आहे, काय आहे, हे वहीत लिहावे आणि वारस नेमणूक अवश्य करावी. आपले संताजी महाराज तुकोबांचे अभंग वहीत लिहून ठेवणारे होते. लिहून ठेवणे हा आपल्या समाजाचा जुना वारसा आहे, तो या कामीही चालवावा.

दोन: घरातील जुन्या पेट्या एकदा उघडून पाहाव्या. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावे करता येत नाहीत, आधी ते डीमॅट करावे लागतात. सलग सात वर्षे लाभांश घेतला नाही तर तो आणि ते शेअरही सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. मात्र पुरावा देऊन ते परत मागता येतात. आजोबांचे कागद कचरा समजून जाळू नका.

तीन: जो पैसा पुढील पाच-सात वर्षांत लागणार, म्हणजे मुलीचे लग्न, औषधपाणी, घराचे छप्पर, तो या बाजारात नेऊ नये. कर्ज काढून तर कधीच नाही. संत्र्याचे झाड लावल्यापासून फळ धरीपर्यंत पाच-सहा वर्षे आपण थांबतो, आणि कोळशी आली, फळगळ झाली तरी बाग एका वर्षात तोडीत नाही. तितका धीर असेल तरच हे झाड लावावे. शिवाय ज्या कंपनीत मुलगा नोकरीस आहे, तिच्यातच बापाची पुंजी नसावी. एकच फांदी मोडली तर दोघेही पडतात. ही चूक मी केली, आपण करू नये.

चार: तरुण मुलांना विशेष सांगणे. फ्युचर्स आणि ऑप्शन्स या नावाने जे चालते, ती गुंतवणूक नव्हे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार तीन वर्षांत शंभरातील त्र्याण्णव व्यक्तींना त्यात तोटा झाला, आणि एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. शंभरातील सात जणांत आपण असू असे प्रत्येकास वाटते. वर्गातील शंभर मुलांपैकी सातच उत्तीर्ण होत असतील, तर अशा शाळेत आपण आपले मूल घालू काय?

शेवटी एक विनंती मंडळास. आपल्या समाजातील तीसचाळीस वर्षांची मुले पुण्यामुंबईहून काम गमावून परत येऊ लागली आहेत. ती कोणास सांगत नाहीत. मेळाव्यासही येत नाहीत. आपला शिक्षणनिधी आजवर दहावी-बारावीच्या गुणवंतांसाठी होता, तो योग्यच आहे. परंतु ज्याला पस्तिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी व्हावे लागते, त्याच्यासाठीही त्यातून काही सोय व्हावी. घाणे बंद पडले तेव्हा आपल्या आजोबांना कोणी विचारले नाही. जो तो आपल्या ओसरीवर एकटा बसला. या वेळी तसे होऊ नये.

मुलाच्या त्या कंपनीचा या वर्षीचा लाभांश ३,४०० रुपये आला. मुलाच्या आणि पत्नीच्या संमतीने तो मी आज मंडळाच्या शिक्षणनिधीस देत आहे. रक्कम लहान आहे. परंतु हा कोणाच्या कामाचा पैसा आहे हे मला नेमके ठाऊक आहे, म्हणून तो देताना मन द्विधा नाही.

 जय संताजी.